वॉस्डेलचा मेंढपाळ

इंग्लंडच्या वायव्य कोपऱ्यात सरोवरांचा एक डोंगराळ प्रदेश आहे. त्या देशातील सर्वांत उंच शिखर, ९७८ मीटर उंचीचे स्काफेल पाइक, तेथेच आहे; आणि सर्वांत खोल सरोवरही त्याच शिखराच्या पायथ्याशी, वॉस्डेल नावाच्या दरीत आहे. पाऊस आणि धुके ही या डोंगरांची नित्याची सोबत. माथ्यावर झाडे जवळजवळ नाहीतच. जिकडेतिकडे गवत, दलदल आणि सुटे दगड. या उजाड डोंगरांवर हर्डविक जातीच्या मेंढ्या चरतात. कुंपण नसले तरी त्या आपला चराईचा भाग सोडून जात नाहीत. कोकरू आईच्या मागून हिंडता हिंडताच आपली हद्द शिकते. तथापि लोकर कातरण्याची वेळ आली म्हणजे दूरवर पांगलेली मेंढरे गोळा करून खाली आणावी लागतात, आणि त्यासाठी मेंढपाळाला कुत्र्यांच्या बरोबरीने डोंगर पालथा घालावा लागतो.

अशाच एका मेंढपाळाच्या घरी १९३६ साली जॉस नेलर यांचा जन्म झाला. लहानपणीच त्यांच्या पाठीला इजा झाली व ते दुखणे कायमचे मागे लागले. १९व्या वर्षी उजव्या गुडघ्यातील कूर्चा शस्त्रक्रियेने काढून टाकावी लागली. २२व्या वर्षी कण्याच्या मणक्यांमधील दोन चकत्याही गेल्या. कूर्चा म्हणजे हाडांमधली मऊ गादीच. ती नसली की हाडावर हाड घासते. अशा माणसाने जिनासुद्धा जपून उतरावा, असेच कोणीही म्हणेल. परंतु मेंढ्यांना हे कोण सांगणार? नेलर रोज डोंगर चढत राहिले.

१९६० साली डोंगरधावेची एक स्पर्धा त्यांच्याच दरीत भरली. नेलर त्या वेळी २४ वर्षांचे होते. धावण्याचा पोशाख त्यांच्याजवळ नव्हता. त्यांनी कामाची विजार गुडघ्यापाशी कापली आणि पायांत रोजचेच जड बूट ठेवून ते स्पर्धेत उतरले. त्या दिवसापासून धावणे हा त्यांचा छंद झाला.

मैदानावरची शर्यत आणि ही धाव यांत मोठे अंतर आहे. येथे बहुधा आखलेली वाट नसते. कोणकोणती शिखरे गाठावयाची एवढेच ठरलेले असते. मधला मार्ग ज्याने त्याने शोधावा. धुके दाटले की नकाशा आणि होकायंत्र यांवरच भिस्त. चढणीवर दम लागतो खरा, पण खरी परीक्षा उतारावर होते. सुट्या दगडांच्या घसरणीवर पाय क्षणभरच टेकावयाचा. दगड सरकण्यापूर्वी दुसरा पाय पुढच्या दगडावर पडला पाहिजे. घाबरून थबकणारा तेथे हमखास घसरतो. ही विद्या मेंढपाळाच्या अंगी आपोआपच मुरलेली असते.

या प्रदेशातील केझिक गावच्या बॉब ग्रॅहॅम नावाच्या गृहस्थाने १९३२ साली २४ तासांच्या आत ४२ शिखरे पार केली होती. नेलर यांनी १९७५ साली तेवढ्याच अवधीत ७२ शिखरे पार केली! पुढे १९८६ साली, वयाच्या ५०व्या वर्षी, त्यांनी याहूनही अवघड बेत योजला. वेनराइट नावाच्या लेखकाने या प्रदेशातील २१४ डोंगरांचे वर्णन सात ग्रंथांत केले आहे. ते सगळे डोंगर एका दमात चढावयाचे! ऊन कडक होते. पाय बुटांनी सोलवटून निघाले. तरी सात दिवस आणि सुमारे दीड तासात त्यांनी अखेरचा डोंगर उतरून दाखवला. हा विक्रम २०१४ सालापर्यंत कोणालाही मोडता आला नाही. मला मात्र त्यांची २००६ सालची धाव अधिक आवडते. ७० वर्षे पूर्ण झाली म्हणून त्यांनी ७० शिखरे पार केली. वाढदिवस साजरा करण्याची ही रीत काही निराळीच!

२०२४ साली, वयाच्या ८८व्या वर्षी, नेलर निवर्तले. १९९० साली त्यांनी घालून दिलेली एक धाव मात्र आजही धावली जाते. ती ४८ मैलांची असून तिच्या वाटेवर ३० शिखरे लागतात, आणि नेलर यांच्या घराजवळच्या एका लहानशा पुलावर ती संपते. तिचा नियम तेवढा विलक्षण आहे. ज्याचे वय ५० वर्षांहून कमी, त्याला तिच्यात भाग घेता येत नाही.