आजीच्या मोबाईलचा बॅलन्स आणि पाचवीचा गुणाकार



"सर, आजीच्या मोबाईलमधले पैसे आपोआप कमी होतात." आमच्या रोहिणखेडसारख्या गावात मुलं असं सहज सांगून जातात. पण आपोआप काही होत नसतं. साध्या बटणाच्या फोनवर मध्येच एक जाहिरात येते, ती घालवायला घाईत 'ओके' दाबलं जातं, आणि राशीभविष्य नाहीतर गाण्याची सेवा सुरू होते. मेसेज बहुतेक इंग्रजीत, मग आजी वाचणार कशी?

हा विषय सूचना देऊन शिकवू नका, गणितातून शिकवा. २००७ मध्ये 'कौन बनेगा करोडपती'च्या प्रेक्षकांसाठी एक स्पर्धा होती. उत्तराचा एक मेसेज २ रुपये ४० पैशांना. मेसेज आले ५ कोटी ८० लाख. करा गुणाकार! १३ कोटी ९२ लाख रुपये. बक्षिसाचा खर्च याच पैशातून निघतो, अशी तक्रार राष्ट्रीय ग्राहक आयोगाकडे गेली. आयोगाने २००८ मध्ये १ कोटीचा दंड केला. पुढे २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुरावा नाही म्हणून तो आदेश रद्द केला. म्हणजे ही फसवणूक होती असं मुलांना सांगायचं नाही. सांगायचं एवढंच, की अडीच रुपयांकडे कुणी बघत नाही, आणि ठग नेमका तिथेच हात घालतो.

आता कामाची गोष्ट. ट्रायच्या जुलै २०१३ च्या आदेशानुसार अशी सेवा सुरू करायला ग्राहकाचा दोनदा होकार लागतो. पहिल्यांदा चुकून 'ओके' दाबलं गेलं तरी विचारणारा दुसरा मेसेज येतो. त्याला उत्तर द्यायचं नाही, बस्स. तरीही पैसे कापले गेले तर १५५२२३ या मोफत क्रमांकावर फोन करून सेवा बंद करता येते. हे २४ तासांच्या आत केलं तर कापलेले पैसे परत मिळण्याचीही तरतूद आहे. म्हणून उद्यावर ढकलू नका.

बक्षीस लागलं, अमुक नंबरवर मेसेज करा, असं आलं तर करायचा नाही. +९१ सोडून दुसऱ्याच आकड्याने सुरू होणारा अनोळखी मिस्ड कॉल आला तर उलट फोन लावायचा नाही. बँकेतले पैसे गेले तर मात्र १९३० ला लगेच फोन करा.

गृहपाठ म्हणून मुलांना घरातल्या मोठ्यांसोबत बसून गेल्या आठवड्यातले पैसे कापल्याचे मेसेज वाचायला सांगा. तारीख, रक्कम, कशासाठी, एवढं वहीत लिहायचं. ओटीपीचे मेसेज मात्र वहीत नकोत.