सही नाकारणारा देशभक्त : जॉर्ज मेसन

अमेरिकेच्या राज्यघटनेवर सह्या करणाऱ्या वॉशिंग्टन, मॅडिसन प्रभृतींची नावे विद्यार्थ्यांच्या परिचयाची असतात. ज्यांनी त्याच सभेत बसून सही नाकारली, त्या जॉर्ज मेसन यांचा परिचय आम्ही येथे करून देत आहो.

मेसन यांचा जन्म ११ डिसेंबर १७२५ रोजी व्हर्जिनिया प्रांतात झाला. नऊ वर्षांचे असताना वडील पोटोमॅक नदीत बुडून वारले. आईने जमीनजुमला नेटाने राखला. आत्याचे यजमान जॉन मर्सर हे वकील होते. त्यांच्या ग्रंथसंग्रहात मेसन यांचे खरे शिक्षण झाले. पुढे गन्स्टन हॉल येथे ते मोठे जमीनदार म्हणून नांदले.

१२ जून १७७६ रोजी व्हर्जिनियाने हक्कांचा जाहीरनामा संमत केला. त्याचा मूळ मसुदा मुख्यत्वे मेसन यांचा. सर्व माणसे स्वभावतःच स्वतंत्र आहेत, असे त्यात म्हटले होते. गुलाम बाळगणाऱ्या सभासदांस याची धास्ती वाटली. तेव्हा 'समाजात प्रवेश केल्यावर' अशा अर्थाचे शब्द घालून गुलामांस वगळण्याची वाट काढण्यात आली!

१७८७ साली फिलाडेल्फियाच्या घटनासभेत मेसन यांनी नागरिकांच्या हक्कांची सनद मागितली. ती मागणी फेटाळली गेली. गुलामांची आयात १८०८ पर्यंत बंद करता येणार नाही, हे कलमही त्यांना मान्य नव्हते. १७ सप्टेंबर रोजी एकोणचाळीस जणांनी सह्या केल्या. मेसन, रँडॉल्फ आणि गेरी या उपस्थित तिघांनी मात्र केल्या नाहीत. वॉशिंग्टन यांचा जुना स्नेहही यापायी दुरावला. परंतु १५ डिसेंबर १७९१ रोजी हक्कांच्या दहा दुरुस्त्या घटनेत आल्या आणि मेसन यांचा आग्रह सार्थ ठरला. पुढल्याच वर्षी, ७ ऑक्टोबर १७९२ रोजी त्यांचे निधन झाले.

येथे चरित्र संपवणे सोपे होते. पण ते सत्यास धरून होणार नाही. गुलामगिरी धन्यासच जुलमी बनवते, असे सभेत बजावणाऱ्या मेसन यांच्या शेतांवर गुलामच राबत होते, आणि मृत्युपत्रानेही त्यांनी त्यांस मुक्त केले नाही.

मग त्यांचे विचार खोटे म्हणावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. भारताच्या राज्यघटनेत मूलभूत हक्क १९५० पासूनच आहेत, त्यामागे अमेरिकेच्या त्या सनदेचाही आदर्श होता. विचार थोर होता. त्याची किंमत स्वतःच्या घरात मोजण्याची वेळ आली तेव्हा विचारवंत कमी पडला. विद्यार्थ्यांनी या दोन्ही गोष्टी एकत्र ध्यानी ठेवाव्यात, एवढेच आमचे सांगणे आहे.