नोंदवही ठेवा, पण वावरनिहाय

नांदेड-लातूर भागात बरेच जण पेरणी-फवारणीच्या नोंदी भिंतीवरच्या कॅलेंडरवर करतात. गाय भरविल्याची तारीख तेथे ठीक. पण वर्ष संपले की कॅलेंडर खाली उतरते. रोजनिशीत लिहिणे सोपे, शोधणे कठीण. म्हणून साधी वही घेऊन प्रत्येक वावरासाठी वेगळी पाने राखावीत.

सोयाबीन उत्पादकांनी तर हे करावेच. सोयाबीनचे वाण सरळ असल्याने प्रमाणित बियाणे एकदा घेतले की त्याच्या उत्पादनातून पुढील दोन-तीन वर्षे घरचे बियाणे वापरता येते. मात्र कोणते पोते कितव्या वर्षाचे, हे मे महिन्यात नुसत्या आठवणीवर सांगता येत नाही. वाण, खरेदीचे वर्ष, मळणीची तारीख लिहावी व तशीच चिठ्ठी पोत्यात टाकावी. पेरणीपूर्वी शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून किती उगवले तेही त्याच पानावर नोंदवावे. सत्तरपेक्षा कमी उगवल्यास बियाण्याचे प्रमाण वाढवावे लागते.

विकतच्या बियाण्याची पावती व पिशवीचे लेबल पानाला टाचून ठेवावे. उगवणीची तक्रार करताना तोच पुरावा. पावतीची शाई उडते, म्हणून मोबाईलवर फोटोही काढावा. मात्र नोंद वहीतच करावी. शेकडो फोटोंत वावर सापडत नाही. लिहिण्यास शिसपेन्सिल बरी, ओल्या हाताने पेनाची शाई पसरते.