वजन आधी, चेहरा मागाहून

अगं, तुझी लॅपटॉपवरची म्हैस पाहिली. रंग झकास, डोळे पाणीदार, पण तिला वजनच नाही. उद्या सकाळी बेलूरच्या रस्त्यावर म्हशी चरायला निघतील तेव्हा जाऊन उभी राहा. फोन कमरेच्या उंचीवर, बाजूनेच धर. समोरून पावलांची अंतरं कळत नाहीत. मागचा डावा, पुढचा डावा, मागचा उजवा, पुढचा उजवा असा पायांचा क्रम दिसेल. मागचा खूर पुढच्या खुराने नुकत्याच सोडलेल्या जागेजवळ पडतो. ज्या पायावर भार येतो, त्या बाजूचा फरा वर येतो आणि धड किंचित खाली बसतं. तू चारही पाय हलवलेस, धड तसंच ठेवलंस. गोची तिथे आहे.

मग औद्योगिक वसाहतीकडच्या गतिरोधकापाशी थांब. ब्रेक लागला की बसचं नाक खाली जातं. चाकं थांबली तरी सांगाडा एक हेलकावा घेऊनच स्थिरावतो. भरलेल्या ट्रकचा हेलकावा संथ, रिकाम्याचा घाईचा. माणसाचंही तेच. उडीआधी गुडघे वाकतात, आणि थांबल्यावर वेणी, पदर उशिरा थांबतात.

लिंबू वरून सोडलंस तर सारख्या वेळात ते १, ३, ५, ७ या प्रमाणात अंतर कापतं. चित्रंही तशीच मांड, वर दाटीने आणि खाली विरळ. सेकंदाला २४ फ्रेम. प्रत्येक चित्र दोन फ्रेम धरलंस तर १२ चित्रांत भागतं, पण चपळ हालचालीत ही काटकसर नको. रबरी चेंडू आपटला की जितका बसका, तितका रुंद कर, नाहीतर त्यातली हवा गेल्यासारखं वाटेल. लोखंडी गोळ्याचे मात्र असले लाड करायचे नाहीत.

डिस्नेच्या फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१च्या पुस्तकात अशी १२ तत्त्वं मांडली. वजन हे त्यात वेगळं कलम नाही, पण मला निम्मी कलमं त्याचीच पिलावळ वाटतात. आपल्या फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या (१९१३) आधी वाटाण्याचं रोप वाढताना दाखवलं, ठरावीक वेळाने एकेक फ्रेम घेत. पुढे आगकाड्या नाचवल्या. आगकाडीला कसले आलेत डोळे! दर फ्रेमला ती किती सरकवायची, एवढंच हातात.

चेहऱ्याचं एकच सांगते. मान वळवताना नजर आधी जाऊ दे, मधे हनुवटी जराशी खाली घे, पापणी एकदा मिटू दे.

आता म्हैस बाजूला ठेव. अर्धी भरलेली जोंधळ्याची पिशवी काढ. हात नाहीत, तोंड नाही, चार कोपरे हेच भांडवल. तिला दमलेली दाखव, मग रुसलेली. रविवारी घेऊन ये, शिंगांचा रंग तेव्हा बघू.