पराग वांझ, दोष माझ्या हाताला

"तुमचा हात जड आहे, चिमट्याने कुक्षी दुखावते." मला पराग विकणाऱ्या ज्येष्ठ गुलाबवाल्या सरांनी, फळ धरलं नाही की, हे इतक्या वेळा ऐकवलं की घरातलेही तेच म्हणू लागले. गुलाबाच्या संकरात नव्या माणसाने असलं मुकाट ऐकून घेऊ नये, म्हणून हे लिहितेय.

सरांचा पराग लावलेल्या झाडाच्याच शेजारच्या फांद्यांवर मी माझ्या 'पीस' गुलाबाचा पराग लावला होता. तोच चिमटा, तीच सकाळ, फुलावर तसाच बटर पेपर. ती फळं धरली. सरांच्या परागाची मात्र पिवळी पडून देठासकट गळायची. हे सांगितल्यावर उत्तर आलं, "पीस काय, कुणाच्याही हातून फळतो."

शेवटी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या मैत्रिणीकडे दोन्ही पराग नेले. ॲसिटोकार्माइनच्या थेंबात पीसचे बहुतेक कण टपोरे, लालबुंद. सरांचे सुरकुतलेले, बिनरंगाचे, आणि एकसारखे तर मुळीच नाहीत. काही चिमुकले, काही अवाढव्य. मैत्रीण लगेच म्हणाली, "अगं, हा ट्रिप्लॉइड असणार." मी भिंगातून बघतच राहिले. सगळी बोलणी खाल्ली होती ती या कचऱ्यापायी!

गुलाबात गुणसूत्रांचा एक संच 7 चा. पॉलीअँथा बहुधा 14 ची, हायब्रिड टी बहुधा 28 ची. दोघांच्या संकरातून निघते ती 21 ची, म्हणजे ट्रिप्लॉइड. तीन संचांची वाटणी नीट होत नाही, म्हणून पराग बिघडतो. 1867 चा प्रसिद्ध 'ला फ्रान्स' असाच ट्रिप्लॉइड, जवळजवळ वांझ. सरांना त्यांच्या जातीचे आईबाप विचारले, तर म्हणाले, "ते धंद्याचं गुपित आहे." पराग विकताना मात्र "हमखास फळ" म्हणाले होते.

तेव्हा आईबाप विचारल्याशिवाय पराग विकत घेऊ नका. एक पॉलीअँथा आणि दुसरा हायब्रिड टी निघाला, तर पैसे देण्याआधी विचार करा. ट्रिप्लॉइडचे थोडे कण चालतात, पण मग भरपूर फुलांवर लावण्याची तयारी हवी, आणि विकणाऱ्याने तसं आधी सांगायला हवं. ओळखीच्या, फळणाऱ्या जातीचा पराग त्याच दिवशी त्याच झाडावर लावाच. तुमच्या बाजूने साक्ष देणारं दुसरं कुणी नसतं.

पराग तपासताना नुसत्या ॲसिटोकार्माइनच्या रंगावर भिस्त ठेवू नका. उन्हात भाजलेल्या पार्सलात मेलेला परागही रंग धरू शकतो, म्हणून उगवून बघा. साधारण 15 टक्के साखरेच्या पाण्यात लिटरला 100 मिलिग्रॅम बोरिक ॲसिड घाला, एका थेंबात पराग भुरभुरा, थेंब वाळू न देता काही तास ठेवा. कणाच्या व्यासापेक्षा लांब नळी फुटली तरच तो उगवला असं धरा.

स्वतःचा पराग काढताना फूल उमलायच्या आधीच परागकोश खुडा, सावलीत कागदावर वाळवा, मग सिलिका जेलसोबत बंद डबीत फ्रिजमध्ये. सरांनी ओलसर परागकोश प्लास्टिकच्या पिशवीत पाठवले होते, तेही मार्चच्या उन्हात!

काचपट्टीचे फोटो सरांना पाठवले. उत्तर नाही, पैसेही नाहीत. त्याच जातीचा पराग ते यंदाही विकताहेत.