मुक्त आज्ञावलीचा धनी कोण?

‘फुकट ते पौष्टिक’ असे आपल्याकडे गमतीने म्हणतात. आमच्या महाविद्यालयाच्या संगणक कक्षात ज्या आज्ञावलीवर आम्ही मराठी निबंध टंकित करतो ती ‘लिब्रेऑफिस’ फुकट आहे, एवढेच बहुतेकांना ठाऊक असते. पण त्या नावातील ‘लिब्रे’ या शब्दाचा अर्थ फुकट असा नाही, मुक्त असा आहे. इंग्रजीत दोन्ही अर्थांना एकच शब्द असल्याने तिकडे पुष्कळ घोटाळा होतो. मराठीला ती अडचण नाही. फुकट म्हणजे दाम न मोजता मिळालेले. मुक्त म्हणजे जिच्या मूळ आज्ञा, ज्यांना ‘सोर्स कोड’ म्हणतात, त्या कोणालाही वाचता येतात, बदलता येतात आणि बदलून पुढे वाटता येतात अशी आज्ञावली. आता जी वस्तू सर्वांची, तिचा कारभार कोणी पाहायचा? आणि तिच्यावर राबणाऱ्यांचे पोट कशावर चालायचे? राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे प्रश्न परके वाटू नयेत, म्हणून या आज्ञावलीचा इतिहास येथे थोडक्यात मांडत आहे.

या इतिहासाचा आरंभ जर्मनीतील ल्यूनेबुर्ग या गावी होतो. मार्को ब्योरीस या सोळा वर्षांच्या मुलाने १९८५ साली तेथे ‘स्टार डिव्हिजन’ नावाची कंपनी काढली. (आमच्याकडे सोळाव्या वर्षी दहावीच्या गुणपत्रिकेपलीकडे कोणाला काही सुचत नाही, हे जाता जाता.) तिची ‘स्टारऑफिस’ ही आज्ञावली चांगली चालली आणि १९९९ साली अमेरिकेतील सन मायक्रोसिस्टिम्सने ती कंपनीच विकत घेतली. आपल्या हजारो नोकरांसाठी मायक्रोसॉफ्टचे परवाने घेण्यापेक्षा अख्खी कंपनी घेणे स्वस्त पडले, असे सनच्याच एका अधिकाऱ्याने पुढे सांगितले. १३ ऑक्टोबर २००० रोजी सनने मूळ आज्ञा जगापुढे खुल्या केल्या. त्यातून ‘ओपनऑफिस डॉट ऑर्ग’ उभे राहिले.

यात एक मेख होती. बाहेरच्या कोणी सुधारणा पाठवली, तर आपल्या कामाच्या स्वामित्वहक्कात सनला वाटेकरी करून घेणारा कागद त्याला आधी सही करून द्यावा लागे. त्या जोरावर सन तेच काम ‘स्टारऑफिस’ म्हणून विकूही शकत असे. नावाची मालकीही सनकडेच होती. सल्ला देण्यासाठी समुदायाचे एक मंडळ होते खरे, पण वाडा ज्याचा त्याचाच शब्द शेवटचा. तरीही दहा वर्षे हा संसार टिकला, याचे कारणही सांगितले पाहिजे. कामाचा मोठा भार सनचे पगारी अभियंतेच वाहत होते. ज्याच्या बैलांवर शेत नांगरले जाते, त्याच्याशी भांडण काढायला कोणी सहसा धजत नाही.

जानेवारी २०१० मध्ये ओरॅकल या बलाढ्य कंपनीने सनच विकत घेतली आणि वाड्याचा धनी बदलला. नव्या धन्याला या कामात कितपत रस आहे, अशी शंका लोकांना येऊ लागली. अखेर २८ सप्टेंबर २०१० रोजी समुदायातील प्रमुख मंडळींनी ‘द डॉक्युमेंट फाउंडेशन’ स्थापन केल्याचे जाहीर केले. मूळ आज्ञा मुक्त असल्यामुळे त्या घेऊन बाहेर पडण्यास कोणाची परवानगी नको होती. नाव मात्र नेता येईना! म्हणून ‘लिब्रेऑफिस’ हे नाव केवळ तात्पुरते घेतले होते. ओरॅकलने जुने नाव दान करावे आणि या संस्थेत सामील व्हावे, असे तिला आवाहन केले होते. ओरॅकलने काय केले, तर पुढच्याच महिन्यात मंडळातील जे सभासद नव्या संस्थेत गेले होते त्यांना हितसंबंधांच्या कारणावरून पायउतार होण्यास सांगितले. तात्पुरते नाव कायमचे झाले. एप्रिल २०११ मध्ये ओरॅकलने या आज्ञावलीचा व्यापार बंद करत असल्याचे जाहीर केले आणि जूनमध्ये सर्व काही अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या स्वाधीन केले. तोपर्यंत काम करणारे हात बहुतेक दुसरीकडे गेले होते. आजही जुन्या नावाची आज्ञावली निघते, पण तिची प्रगती कूर्मगतीने चालते.

बाहेर पडलेल्यांनी धडा घेऊन पक्के घर बांधले. जर्मन कायद्याप्रमाणे न्यास नोंदवायला भांडवल हवे होते. २०११ च्या फेब्रुवारीत पन्नास हजार युरोंसाठी त्यांनी लोकांपुढे झोळी पसरली आणि ती आठ दिवसांत भरली. २०१२ साली बर्लिनमध्ये न्यासाची नोंदणी झाली. न्यासाचे सभासद कोण, तर जे काम करतात ते. आज्ञा लिहिणे, भाषांतर, चाचणी, दोष शोधून कळवणे, सारे काम मोजले जाते. सभासद संचालक मंडळ निवडतात आणि त्या मंडळात एकाच कंपनीच्या माणसांच्या संख्येला मर्यादा आहे. माझे वडील गावच्या विविध कार्यकारी सोसायटीचे सभासद आहेत. तेथे सभासदत्व भागभांडवलावर मिळते आणि कर्जाची मंजुरी होईपर्यंत सभेचा उत्साह टिकतो. कामावर सभासदत्व ही कल्पना मला त्याहून अधिक न्याय्य वाटते. अर्थात ज्याला दिवसभर दुसरीकडे राबून पोट भरायचे आहे, तो फुकट काम करून सभासद कधी होणार, ही शंका राहतेच.

आणि खरी गोम तेथेच आहे. एका धन्याच्या तावडीतून सुटले म्हणून पगार देणाऱ्याची गरज सुटली नाही. लिब्रेऑफिसमधील अवघड काम बहुतांशी कंपन्यांचे पगारी विकासकच करतात. कोलाबोरा ही त्यांतील प्रमुख कंपनी होय. सूझे या कंपनीचा लिब्रेऑफिस गट २०१३ साली तिच्याकडे गेला. या कंपन्या कार्यालयांना आणि सरकारांना सेवा विकून पैसा मिळवतात. पण जी वस्तू फुकट मिळते तिच्यासाठी मोठमोठी कार्यालयेही खिशात हात घालत नाहीत. म्हणून जुलै २०२० मध्ये ७.० या आवृत्तीच्या चाचणी प्रतीवर ‘पर्सनल एडिशन’ असा शिक्का आला. घरच्यांनी ही वापरावी आणि कार्यालयांनी कंपन्यांकडून घ्यावी, असे सुचवण्याचा हेतू होता. परंतु लोकांनी त्यातून उलटा अर्थ काढला. उद्या दाम मागणार, असे त्यांना वाटले. एवढा गदारोळ झाला की तो शिक्का मागे घ्यावा लागला आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये ७.१ वर ‘कम्युनिटी’ हा सौम्य शब्द आला. माझ्या मते लोकांची भीती समजण्यासारखी होती, पण कंपन्यांचे रडगाणेही खोटे नव्हते.

त्याआधीच, २०२० च्या ऑक्टोबरात, दुसरी फूट पडली होती. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या लिब्रेऑफिसवर बहुतेक कष्ट कोलाबोराचे होते. ते तयार स्वरूपात न्यासाने सर्वांना मोफत द्यावे की नाही, यावर वाद होता. शेवटी कोलाबोराने ते काम आपल्या नावाने वेगळ्या जागी नेले. २०१० साली समुदाय कंपनीला सोडून गेला होता. या वेळी कंपनीने न्यासाच्या छताखालून आपले काम हलवले. हक्क दोघांनाही मुक्त परवान्यानेच दिलेला!

न्यासाने स्वतःच्या पदरी विकासक ठेवावेत का, यावरही पुढे बरेच खडाजंगी झाली. देणगीच्या पैशांतून कंपन्यांशी स्पर्धा होईल, हा एका बाजूचा आक्षेप. जे काम कोणताच ग्राहक विकत घेत नाही ते कोण करणार, हा दुसऱ्या बाजूचा सवाल. या वादात मराठी माणसाचा संबंध येतो, आणि तो असा. लिब्रेऑफिसमध्ये देवनागरी लिपी अरबी, थाई वगैरे लिपींसोबत ‘क्लिष्ट मांडणी’च्या गटात मोडते. तिचा टंकही पर्यायांत वेगळा निवडावा लागतो. युरोपातील एखादी नगरपालिका आपल्या पैशांनी जोडाक्षरांचे दोष दुरुस्त करून घेणार नाही. २०२२ नंतर न्यासाने जे विकासक नेमायचे ठरवले, त्यांतील एक जागा नेमकी अशा लिपींच्या कामासाठी होती आणि ती भरलीही गेली. त्याचा पगार देणगीतून निघतो. त्या देणगीतील वाटा कोणत्या लिपीला किती, हे सभासदांनी निवडलेले संचालक ठरवतात.