नवोदितांसाठी अल्पखर्ची प्रोग्रामर

धुलाई यंत्र, वीजमापक, खेळणी अशा असंख्य वस्तूंमध्ये आज मायक्रोकंट्रोलर ही छोटीशी चिप काम करीत असते. संगणकावर लिहिलेली आज्ञावली तिच्या स्मृतीत उतरविणारे साधन म्हणजे प्रोग्रामर. छंद म्हणून या विद्येकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याजवळ पैसा बेताचाच असतो. पहिलीच खरेदी चुकली, तर पैशांबरोबर उमेदही जाते. म्हणून निवड विचारपूर्वक व्हावी.

आधी चिप, मग प्रोग्रामर

प्रत्येक चिपकुटुंबाची पद्धत निराळी असते. पिक चिपसाठी पिककिट, एसटीएम३२साठी एसटी-लिंक, तर एव्हीआरसाठी यूएसबीएएसपी अशी ही विभागणी आहे. सर्व कुटुंबांना चालणारी महागडी साधने नवोदिताला आवश्यक नाहीत.

काही वेळा तर प्रोग्रामर लागतच नाही. आर्डुइनो उनो किंवा २०२१ साली आलेला रास्पबेरी पाय पिको यांत आज्ञावली थेट यूएसबी तारेने भरता येते. शिवाय, ज्याच्याजवळ उनो आहे, त्याला योग्य आज्ञावली भरून त्याचाच एव्हीआर प्रोग्रामर करता येतो. अशा वेळी नवा खर्च जवळजवळ शून्य.

खरेदीपूर्वी पाहावे

सुट्या एटीमेगा३२८पी चिपवर काम करावयाचे असेल, तर यूएसबीएएसपी सोयीचा. त्याचा आराखडा सर्वांस खुला असल्याने तो अनेक उत्पादक स्वस्तात बनवितात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर वा अन्यत्र तो घेताना तीन गोष्टी तपासाव्यात. आपली चिप त्यास चालते काय? यूपीडीआय पद्धतीच्या नव्या एटीटायनी चिपना हा मूळ स्वरूपात उपयोगी नाही. व्होल्टेज जुळते काय? ३.३ व्होल्टच्या मंडलास ५ व्होल्ट दिल्यास त्यावरील भाग निकामी होऊ शकतात. जोडणी १० टोकांची की ६ टोकांची? त्यानुसार जोडतुकडा लागतो.

चिप मेली, असे घाईने समजू नये

कोरी एटीमेगा३२८पी कारखान्यातून १ मेगाहर्ट्झ गतीवर येते. प्रोग्रामरची घड्याळगती तिच्या एक-चतुर्थांशाहून, म्हणजे २५० किलोहर्ट्झहून, कमी हवी. अन्यथा चिप उत्तर देत नाही. गती कमी करून प्रथम केवळ ओळखक्रमांक वाचावा. तो १ई ९५ ०एफ असा आला, तर जोडणी ठीक आहे असे समजावे.

फ्यूज नावाच्या नोंदी मात्र जपून बदलाव्यात. बाह्य स्फटिकाची नोंद केली आणि स्फटिक जोडला नाही, तर चिप मूक होते; स्फटिक जोडताच ती पुन्हा बोलू लागते. परंतु रीसेटचे टोक बंद केल्यास ते पूर्ववत करण्यास १२ व्होल्टचा प्रोग्रामर लागतो. ते काम यूएसबीएएसपीच्या आवाक्याबाहेरचे आहे.

शाळेतील विज्ञान मंडळाने एक प्रोग्रामर सामाईक घेतला, तर अनेक विद्यार्थ्यांची सोय होईल आणि वाचलेल्या पैशांत प्रयोगासाठी चार चिप अधिक घेता येतील.